मदत हवी आहे: बसचं भाडं, फुटबॉल आणि पुढे नक्की काय करू? (एसवायबीकॉम, वाकोला)

वाकोल्याची_डावखुरी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलंय थोडं पण प्लीज पूर्ण वाचा, कारण मला ह्या महिन्याच्या शेवटापर्यंत ठरवायचंय आणि घरात ज्यांना विचारावं असं फुटबॉलमधलं कोणीच नाहीये.

मी वाकोल्याला राहते, कॉलेज कुर्ल्याला. लेफ्ट बॅक (डाव्या बाजूची बचावपटू) खेळते, आठवीपासून, आधी शाळेच्या टीममध्ये आणि आता वांद्रे पश्चिमेच्या एका छोट्या क्लबकडून. प्रॅक्टिस आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी, रेक्लमेशनच्या बाजूला. म्हणजे वाकोल्याहून वांद्रे पूर्वेपर्यंत एक बस, मग ब्रिजवरून पलीकडे जायचं आणि पश्चिमेला स्टेशनबाहेरून दुसरी बस. येताना परत तेच.

आता हिशोब सांगते. ९ मे २०२५ पासून बेस्टचं कमीत कमी तिकीट साध्या बसला ५ चं १० झालं आणि एसीला ६ चं १२. माझ्या रूटला बहुतेक एसीच येतात. कॉलेजला जाऊन येऊन २४, प्रॅक्टिसला चार बसेसचे ४८, म्हणजे प्रॅक्टिसच्या दिवशी ७२ रुपये. दिवसाचा पास काढावा तर तो ७५ ला, म्हणजे पास काढून उलट ३ रुपये जास्तच जातात. महिन्याला कॉलेजचे २४ दिवस आणि प्रॅक्टिसचे १६ धरले तर १३४४ होतात, आधी हेच ६७२ मध्ये व्हायचं.

भाडं वाढवायलाच नको होतं असं माझं म्हणणं नाहीये हां. २०१९ मध्ये ८ चं ५ केलं होतं आणि त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं हातच लावला नाही, तेवढ्यात डिझेल कुठे गेलं, पगार कुठे गेले, ते कळतं मला. पण नीट बघा कोणाचं किती वाढलं ते. एसीचं ५ किलोमीटरच्या आतलं ६ चं १२ झालं, सरळ दुप्पट. ५ ते १० किलोमीटरचं मात्र १३ चं २० झालं, म्हणजे दीडपटच. तर सगळ्यात जवळ जाणाऱ्याला सगळ्यात जास्त बसलं, आणि माझ्यासारखीला, जिचा रस्ता स्टेशनमुळे दोन तुकड्यांत तुटतो, तिला दोन्ही तुकड्यांना दुप्पट. एक बस बदलली की नवं तिकीट, आधीचं धरत नाहीत. बस बदलणाऱ्यांना तासाभरासाठी एकच तिकीट चालवलं असतं तर एवढं लागलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळे मी आता वांद्रे स्टेशनपासून मैदानापर्यंत चालत जाते बऱ्याचदा. पाठीवर बॅग, हातात स्टड्सची (फुटबॉलच्या बुटांची) पिशवी (ओले असले की बॅगेत सगळ्याला वास लागतो म्हणून वेगळी ठेवते, खाली भोक पडलंय तिला, त्यातून लाल माती गळत असते). पोचेपर्यंत पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि वॉर्मअप अर्धा झालेला असतो. सर काही बोलत नाहीत पण दोन मॅचेस मला बेंचवर बसवलं, आणि त्यांचं चुकलं असंही नाही म्हणता येत.

दुसरी गोष्ट ह्याहून जास्त लागते मनाला. शनिवार रविवार सकाळी मी एका बॅचला मदत करते, ८ ते ११ वर्षांच्या मुली, त्याचे महिन्याला ३००० मिळतात. नऊ मुली होत्या, आता सहा आहेत. त्यातली एक, डावा पाय इतका सुंदर की बघत राहावं, तिची आई म्हणाली ताई हिला एकटीला पाठवू शकत नाही आणि दोघींचं तिकीट दर वेळेला नाही परवडत हो. मी काय बोलणार. ती मुलगी मला अजून सोसायटीच्या गेटबाहेर दिसते बॉल खेळताना, स्टम्पच्या तीन रेघा काढलेल्या भिंतीवर मारत असते.

आता करिअरचं. मी नॅशनल लेव्हलची प्लेयर नाहीये, हे मला माहितीये. जिल्ह्यापर्यंत खेळले, स्टेटच्या सिलेक्शनला दोनदा गेले, दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव नव्हतं. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षांचा क्लास लाव, मामा म्हणतो तू पळतेस चांगली तर पोलीस भरती दे. बाबांचं म्हणणं असं की २०२५ मध्ये पुरुषांची एवढी मोठी लीगसुद्धा वेळेवर सुरू होऊ शकली नाही, तर मुलींच्या फुटबॉलवर पोट कसं भरेल. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ५ जुलै २०२५ ला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून एशियन कपला जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, तेव्हा मी बसमध्ये उभी होते एका हाताने दांडा पकडून आणि दुसऱ्या हातात मोबाईल, आणि शिट्टी वाजल्यावर मला रडू आलं अक्षरशः. बाजूच्या काकूंनी विचारलं पण काय झालं म्हणून. तर बँकेचा क्लास लावून हे सोडून द्यायचं हे मला जमेल असं वाटत नाही.

मला विचारायचंय ते हे. कॉमर्स करून, टॉपची खेळाडू नसताना, मैदानाशी जोडलेलं असं काम मुंबईत मिळतं का ज्यावर घरी पैसे देता येतील? कोचिंगचं डी लायसन्स (प्रशिक्षकाचं सुरुवातीचं प्रमाणपत्र) आत्ता करावं की आधी डिग्री संपवावी? आणि बसचं काही जुगाड असेल तर तेही सांगा. महिनाअखेर का, तर क्लबची पुढच्या सीझनची फी आणि बँकेच्या क्लासचा पहिला हप्ता दोन्ही तेव्हाच भरायचेत आणि दोन्ही भरण्याएवढे पैसे नाहीयेत.

परळकर७

राग मानू नकोस पण १२ रुपयांवर एवढं मोठं लिहिलंयस. आजकाल साधा वडापाव २० चा आहे. ६०० रुपये वाढले महिन्याला, करिअर ६०० रुपयांवर अडत असेल तर मुळात तेवढी ओढ आहे का ते बघ.

वाकोल्याची_डावखुरी

राग नाही दादा. पण मला बॅचचे मिळतात ३०००, त्यातले १३४४ बसला गेले, उरले १६५६. त्यात क्लबची फी, मॅचच्या दिवशीचं खाणं, आणि स्टड्स फाटले की ते. घरून मागत नाही मी कारण बाबांची नोकरी कंत्राटी आहे. ओढ नसती तर रेक्लमेशनपर्यंत चालत गेले नसते.

परळकर७

हे आधी वाचलं नव्हतं नीट. सॉरी. खेळत राहा.

शिट्टी_हातात

ताई मी जिल्ह्याच्या मॅचेसना रेफरी म्हणून उभा असतो, म्हणून माझं क्षेत्र सांगतो. तू कोचिंगचं विचारलंस पण रेफरीचं नावच घेतलं नाहीस, मुली कोणीच घेत नाहीत. जिल्हा असोसिएशनकडे नाव द्यायचं, नियमांची लेखी परीक्षा असते आणि पळण्याची टेस्ट. खेळाचे नियम एकूण १७ आहेत, पुस्तक फुकट मिळतं नेटवर, रोज एक नियम वाचलास तरी महिन्यात सगळे होतात. ऑफसाईड (पास दिला जाताना समोरच्यांच्या बचावाच्या लाईनपुढे असणं) आणि हँडबॉल मात्र तीनतीनदा वाच, तिथेच सगळे अडकतात.

लेफ्ट बॅक खेळणाऱ्याला लाईनचा अंदाज आपोआप असतो, तू आयुष्यभर ऑफसाईडची लाईन धरूनच उभी राहिलीयेस. असिस्टंट रेफरीचं, म्हणजे बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन पळणाऱ्याचं, निम्मं काम तेच. आणि मुलींना इथे जागा आहे का म्हणशील तर २०२२ च्या पुरुषांच्या वर्ल्डकपला जर्मनी कोस्टारिका मॅच स्टेफनी फ्रापारने केली होती. एकट्या ह्याच्यावर घर चालेल असं सांगणार नाही, सुरुवातीला तर नाहीच. पण मॅचमागे मानधन मिळतं, शनिवार रविवारचं काम आहे, डिग्री चालू ठेवून होतं. सकाळची तुझी बॅच सांभाळून दुपारच्या मॅचेस घेता येतील.

कूपरेज_गेट२

दादा बरोबर बोलले. मी जरा नोकरीच्या बाजूने बोलतो. मी एका शाळेत पीटी शिकवतो, १४ वर्षं झाली.

बीकॉम पूर्ण कर हे पहिलं. ह्यात तडजोड नको, कारण बीपीएडला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) कुठल्याही शाखेची पदवी चालते पण पदवी लागतेच. बीपीएड दोन वर्षांचं, त्याची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी सेल घेतो, त्यात मैदानी चाचणी असते आणि खेळाची प्रमाणपत्रं कामाला येतात, म्हणून जिल्ह्याचं एकही सर्टिफिकेट इकडे तिकडे टाकू नकोस, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाल आजच. बीपीएड झालं की शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागता येतं. त्यावर कोचिंगचं लायसन्स असेल तर शाळा धावत घेतात, कारण बहुतेकांकडे दोन्ही नसतं.

डी लायसन्स आत्ता करावं का, तर जमलं तर हो. एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी, मग एएफसीचं (आशियाई महासंघाचं) सी, बी, ए अशी शिडी आहे. पण डी केलं म्हणून लगेच पगार दुप्पट होतो असं समजू नकोस. तू लहान मुलींना शिकवतेयस तो अनुभव खरा महत्त्वाचा. कुठल्या दिवशी काय घेतलं, कोण आली, कोण नाही आली, ह्याची वही ठेव. मी स्वतः वही नाही ठेवली आणि मुलाखतीत विचारल्यावर तोंडी सांगत बसलो होतो.

पोलीस भरतीचं मामांचं म्हणणं वाईट नाही बरं का. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानी ५० मार्कांची. तू विंगवर वरखाली पळणारी, ८०० तुला जड नाही. गोळ्यासाठी वेगळी तयारी लागेल. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्याला वरच्या पातळीचं मेडल लागतं, जिल्ह्यावर भागत नाही, तेव्हा त्या आशेवर राहू नकोस.

खारची_मावशी

बाळा मी तुझ्याएवढी असताना हॉकी खेळायचे, सोडलं, कारण घरी उशीर व्हायचा. तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तू विचारलंस ते फार बरं केलंस.

बसचं सांगते. वाकोल्याहून सांताक्रूझ स्टेशन चालत गाठ, लोकलचं कमीत कमी तिकीट अजून ५ रुपयेच आहे, आणि वांद्र्याला थेट पश्चिमेला उतरशील, ब्रिजही नको. आणि कॉलेजच्या बससाठी बोनाफाईड घेऊन डेपोत जाऊन विद्यार्थी पासची चौकशी कर, स्वतः जा, ऐकीव माहितीवर राहू नकोस.

आणि ज्या मैदानावर तू जातेस त्याच भागात नेव्हिल डिसोझांच्या नावाचं मैदान आहे ना, ते १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे. तुझ्या मुलींना सांग हे. माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

वाकोल्याची_डावखुरी

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी दोनदा वाचलं सगळं आणि आईलाही वाचून दाखवलं.

मावशी, लोकलचं काल करून बघितलं. जाताना जमतं, २५ मिनिटं चालायला लागतात पण उजेड असतो. येताना नऊ वाजतात आणि फ्लायओव्हरखालचा रस्ता आईला नको वाटतो, तर येताना बसच. म्हणजे ४८ चे ४१ होतात, महिन्याला ११२ वाचले. तेवढेही वाचवणारच आहे. विद्यार्थी पासचं बोनाफाईड आज ऑफिसात मागितलं, शुक्रवारी देतो म्हणालेत. नेव्हिल डिसोझांचं मी मुलींना रविवारी सांगितलं, एकीने विचारलं ते कुठल्या पायाने मारायचे, मला उत्तर नाही देता आलं, कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा.

शिट्टीदादा, ऑफसाईडचा नियम वाचला. मी इतकी वर्षं एक गोष्ट चुकीची समजत होते, थ्रो इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाईड नसतो हे माहीत होतं पण गोलकिकलाही नसतो हे नव्हतं माहीत. परीक्षेला नाव देतेय.

बाबांशी बोलले काल जेवताना. बँकेचा क्लास आत्ता नाही, बीकॉम पूर्ण करायचं, बीपीएडची सीईटी द्यायची, आणि तोवर खेळणं चालू, एवढं मान्य झालंय. पोलीस भरतीचा फॉर्म निघाला की तोही भरायचा ह्या अटीवर. बाबा एवढंच म्हणाले की फी किती आहे क्लबची. मी सांगितली. उठून हात धुवायला गेले, पण सकाळी अर्धे पैसे टेबलावर डब्याखाली ठेवलेले होते.

कूपरेज सर, एक शेवटचं विचारायचंय. वहीत हजेरी लिहायला घेतली तर बॅच सोडून गेलेल्या त्या तीन मुलींची नावं पहिल्या पानावर ठेवलीयेत मी, काढावीशी वाटत नाहीत. त्या डाव्या पायाच्या मुलीच्या बिल्डिंगमागे सोसायटीचा मोकळा पट्टा आहे, पेव्हर ब्लॉक नाहीत, मातीच आहे. तिथे आठवड्यातून एकदा संध्याकाळी तासभर शिकवलं तर कोणालाच तिकीट काढायला लागणार नाही. अशा वेळी सोसायटीकडून परवानगी लेखी घ्यायची असते का, आणि अर्जात नेमकं काय लिहायचं? कोणी असं आधी केलं असेल तर मला अर्जाचा मजकूर टाका प्लीज.