बास्क राष्ट्रवाद आणि सिनेमा : इतिहासकार चित्रपटाकडे पुरावा म्हणून कसे पाहतात?

नौपाडा_वाचक

नमस्कार. ठाण्यात आम्ही इतिहासाची आवड असलेले काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि ठरलेल्या विषयावर एकाने मांडणी करून मग चर्चा करतो. पुढच्या बैठकीसाठी 'राष्ट्रवाद आणि सिनेमा' हा विषय माझ्याकडे आला आहे. त्यासाठी मी स्पेनमधील बास्क प्रदेशाचे उदाहरण घ्यायचे ठरवले. त्याचे कारण म्हणजे सांतियागो दे पाब्लो या इतिहासकाराचे संशोधन. ते बास्क विद्यापीठात आधुनिक इतिहास शिकवतात. बास्क राष्ट्रवादी पक्षाच्या इतिहासावर त्यांनी सहकाऱ्यांसह मोठे काम केले आहे आणि बास्क राष्ट्र पडद्यावर कसे दिसले, या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१२ मध्ये अमेरिकेतील नेवाडा येथील बास्क अभ्यास केंद्राने प्रसिद्ध केले.

माझी अडचण मूलभूत आहे. स्पेनचे पंतप्रधान कारेरो ब्लांको यांची बास्क स्वातंत्र्यासाठी सशस्त्र लढा देणाऱ्या 'एटा' या संघटनेने २० डिसेंबर १९७३ रोजी माद्रिदमध्ये स्फोट घडवून हत्या केली. त्यावरचा 'ओपेरासिओन ओग्रो' हा चित्रपट १९७९ मध्ये जिलो पोंतेकोर्वो या इटालियन दिग्दर्शकाने केला. हत्येचा इतिहास लिहिणाऱ्याने न्यायालयीन कागदपत्रे, पोलिसांचे अहवाल, वृत्तपत्रे वाचावीत हे समजते. परंतु सहा वर्षांनी नटांनी वठवलेल्या प्रसंगांतून त्याच्या हाती नेमके काय लागते? शिवाय मांडणीसाठी तीन-चारच चित्रपट निवडायचे झाल्यास ते कोणते असावेत? आणि आमच्याकडचे ज्येष्ठ सभासद संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीशी तुलना केल्याशिवाय राहणार नाहीत. ती तुलना कितपत टिकते, यावरही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

वाशी_दप्तरखाना

आपला पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचेच उत्तर सविस्तर देतो. 'ओपेरासिओन ओग्रो' हा १९७३ चा पुरावा नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तो १९७९ चा पुरावा आहे. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याचा मृत्यू १९७५ मध्ये झाला, १९७८ मध्ये लोकशाही राज्यघटना आली आणि त्याच वर्षी इटलीत माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांची अतिडाव्या 'रेड ब्रिगेड्स' या गटाने हत्या केली. हुकूमशाहीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांबद्दल ज्याला सहानुभूती होती, अशा दिग्दर्शकासमोर आता प्रश्न उभा राहिला की लोकशाहीतही तेच शस्त्र चालवणाऱ्यांचे काय करायचे. म्हणून चित्रपटाच्या कथेला नंतरच्या काळाची चौकट आहे आणि त्या चौकटीत जुने साथीदार हिंसेच्या मुद्द्यावर एकमेकांपासून दूर गेलेले दिसतात. हत्येच्या दिवशी काय घडले ते शोधायला या चित्रपटाकडे जाणाऱ्याची निराशा होईल, परंतु युरोपातील डावा विचार १९७९ मध्ये कोणत्या पेचात सापडला होता हे पाहायचे असेल, तर याच्याइतका बोलका दस्तऐवज क्वचित मिळेल.

चित्रपट कोणी काढला, पैसा कोणी दिला, कात्री कोणी लावली, तो कोणत्या प्रेक्षकासाठी होता आणि त्यात कोणाला जागाच मिळाली नाही, हे पाच प्रश्न विचारले की चित्रपट हा दप्तरातल्या कोणत्याही कागदाइतकाच वाचता येतो. बास्क उदाहरणात हे विशेष स्पष्ट दिसते, कारण तेथे राष्ट्रवाद आणि सिनेमा जवळजवळ एकाच वयाचे आहेत. साबिनो अराना याने बास्क राष्ट्रवादी पक्ष १८९५ मध्ये स्थापन केला. तिसऱ्या कार्लिस्ट युद्धानंतर, म्हणजे स्पेनच्या गादीच्या वारशावरून झालेल्या यादवीनंतर, १८७६ मध्ये बास्क प्रांतांचे जुने स्थानिक हक्क रद्द झाले होते. बिल्बाओच्या आसपास लोखंडाच्या खाणी आणि कारखाने उभे राहून बाहेरून मजूर येत होते. या घालमेलीतून अरानाचा कट्टर कॅथलिक, वंशाभिमानी राष्ट्रवाद जन्माला आला. फ्रँकोच्या आधीच्या स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या काळात, १९३३ मध्ये, तेओदोरो एर्नांदोरेना याने राष्ट्रवाद्यांसाठी 'एउस्काडी' नावाचा माहितीपट काढला. तो आज उपलब्ध नाही. जो चित्रपट पाहताच येत नाही त्याचाही इतिहास लिहावा लागतो आणि तेथे इतिहासकाराची खरी कसोटी लागते, कारण मग जुन्या बातम्या, पक्षाची कागदपत्रे आणि आठवणी यांवरच भिस्त राहते.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पेनच्या यादवी युद्धात २६ एप्रिल १९३७ रोजी फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे बास्क गाव बेचिराख केले, आणि फ्रँकोच्या बाजूने ताबडतोब प्रचार सुरू झाला की माघार घेणाऱ्या 'लाल' सैनिकांनीच गाव जाळले. तेव्हा बास्क सरकारने नेमेसिओ सोब्रेविला याच्याकडून 'गेर्निका' हा माहितीपट करून घेतला. हा प्रचारपट होता, यात लपवण्यासारखे काही नाही. लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे त्याचा रोख परदेशातील, विशेषतः कॅथलिक प्रेक्षकाकडे होता. फ्रँको आपले युद्ध धर्मयुद्ध म्हणून सांगत होता आणि बास्क सरकारला दाखवायचे होते की बॉम्ब पडले ते श्रद्धाळू कॅथलिक लोकांवर. त्यामुळे त्या चित्रपटातली बास्क भूमी ही धार्मिक, शांत, कष्टाळू माणसांची भूमी आहे. बिल्बाओच्या कारखान्यांतला समाजवादी कामगार त्या चित्रात फारसा बसत नाही. प्रचारपट खोटे बोलतो का, याच्याइतकेच तो कोणाला बाजूला सारतो, हेही इतिहासकाराला पाहावे लागते.

फ्रँकोच्या राजवटीत ही धारा तुटली आणि १९६८ च्या 'आमा लूर' या माहितीपटाने ती पुन्हा जोडली. नेस्तोर बास्तेर्रेचेआ आणि फेर्नांदो लार्रुकेर्त यांनी लोकवर्गणीतून हा चित्रपट उभा केला. सेन्सॉरने हस्तक्षेप केला. निवेदनात 'स्पेन' हा शब्द आला पाहिजे, पिकासोचे 'गेर्निका' हे चित्र दिसता कामा नये, बास्क स्वातंत्र्याचे प्रतीक मानले जाणारे गेर्निकाचे झाड हिमवर्षावात उभे असलेले दाखवू नये, असे आक्षेप होते. आपल्याकडे प्रभात कंपनीच्या 'स्वराज्याचे तोरण' या चित्रपटाला १९३० मध्ये 'उदयकाल' हे नाव घ्यावे लागले, ते आपल्या सभासदांना सांगितले तर सेन्सॉरची भीती कशाला असते हे त्यांना चटकन उमगेल. राजवटीला कशाची धास्ती वाटत होती, याची नोंद तिचेच अधिकारी कात्रीने करून ठेवतात.

हिरानंदानी_मेडोज_१

वाशीच्या मित्रांचे विवेचन आवडले. मात्र त्यांच्या पाचव्या प्रश्नावर, म्हणजे पडद्यावर कोणाला जागा मिळाली नाही यावर, अधिक बोलायला हवे असे मला मनापासून वाटते.

१९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर बास्क प्रदेशात पुन्हा स्वतःचे सरकार आले आणि त्याने चित्रपटांना अनुदान देण्यास सुरुवात केली. इमानोल उरिबे हा या काळातला प्रमुख दिग्दर्शक. 'एल प्रोसेसो दे बुर्गोस' या १९७९ च्या माहितीपटात त्याने १९७० च्या बुर्गोस येथील लष्करी खटल्यातल्या एटाच्या आरोपींना बोलते केले. १९८१ च्या 'ला फुगा दे सेगोविया' मध्ये एटाच्या कैद्यांचे तुरुंगातून झालेले पलायन आहे, आणि त्याचा निर्माता आंखेल आमिगो स्वतः त्या पलायनात सामील होता. १९८४ च्या 'ला मुएर्ते दे मिकेल' मध्ये एका समलिंगी तरुणाला त्याचा राष्ट्रवादी पक्ष जिवंतपणी झिडकारतो आणि मेल्यावर हुतात्मा म्हणून त्याच्या शवयात्रेवर हक्क सांगतो. तिन्ही चित्रपट कसदार आहेत आणि तिसरा तर धाडसी आहे, कारण त्याने आतून प्रश्न विचारला.

तरीही तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहा. एटाने आपल्या अस्तित्वाच्या काळात आठशेहून अधिक माणसे मारली आणि त्यांतली बहुसंख्य फ्रँकोच्या मृत्यूनंतर, लोकशाहीत. सर्वांत रक्तरंजित वर्षे १९७८ ते १९८०. नेमक्या याच काळात पडद्यावर कैदी आहे, पळून जाणारा आहे, खटल्यातला आरोपी आहे. मारला गेलेला शिपाई, नगरसेवक, त्याची विधवा, त्याची मुले जवळजवळ कोठेच नाहीत. हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्याची पुण्याई एवढी मोठी होती की तिच्या सावलीत नंतरचे मृतदेह दिसेनासे झाले. यामागे दिग्दर्शकांचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. परंतु या गैरहजेरीला इतिहासकाराने पुरावा मानलेच पाहिजे, कारण त्या काळातला बास्क समाज शेजारच्या घरातल्या दुःखाकडे कसा पाठ फिरवून राहिला, हे तिच्यातून कळते.

बदल फार उशिरा आला. 'योयेस' हा एलेना ताबेर्ना यांचा चित्रपट २००० सालचा. एटा सोडून घरी परतलेल्या योयेस या तिच्या माजी नेत्या स्त्रीला एटानेच १९८६ मध्ये ओर्दिसिया या तिच्या गावी, तिच्या लहान मुलाच्या डोळ्यांदेखत ठार केले होते. मग २००१ मध्ये एटाने मारलेले समाजवादी नेते फेर्नांदो बुएसा आणि त्यांचा अंगरक्षक होर्खे दिएस यांच्या हत्येवरचा 'आसेसिनातो एन फेब्रेरो' आला, २००५ मध्ये इन्याकी आर्तेता यांचा 'त्रेसे एन्त्रे मिल' आला. या माहितीपटांत मागे राहिलेली माणसे स्वतः बोलतात. मला विचाराल तर आपली मांडणी या गैरहजेरीभोवती उभी करा. ती एकच गोष्ट नीट सांगितली तरी श्रोत्यांना पुरेल.

कळवा_खाडी

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून एक शंका मांडावीशी वाटते. आपण सगळे 'बास्क राष्ट्रवाद' म्हणत आहोत आणि बोलत आहोत फक्त एटाबद्दल. एटा १९५९ मध्ये स्थापन झाली आणि २०१८ मध्ये विसर्जित झाली. अरानाचा पक्ष तिच्याआधी चौसष्ट वर्षे होता आणि आजही आहे. १९८० पासून, २००९ ते २०१२ हा अपवाद सोडल्यास, बास्क सरकारचे नेतृत्व त्याच पक्षाकडे राहिले. निवडणुका, शाळांतली भाषा, कररचना, दूरचित्रवाणी वाहिनी या मार्गाने चालणारा हा राष्ट्रवाद पडद्यावर फार थोडा दिसतो. कॅमेऱ्याला स्फोट हवा असतो, अर्थसंकल्पावरची वाटाघाट नको असते. म्हणून चित्रपटांवरून एखाद्या चळवळीचा अंदाज बांधणाऱ्याच्या मनात तिचे चित्र वाकडे होण्याचा मोठा धोका आहे. पक्षाच्या इतिहासावर आधी काम केलेला माणूस सिनेमाकडे वळतो, तेव्हा हा वाकडेपणा त्याच्या नजरेतून सुटण्याची शक्यता कमी असते. दे पाब्लो यांच्या कामाचे बळ मला यात दिसते.

संयुक्त महाराष्ट्राशी तुलना करायची झाल्यास याच संथ धारेशी करावी, एटाशी मुळीच करू नये. आपल्या चळवळीची मागणी भारतीय संघराज्यातील भाषिक राज्याची होती आणि ती १ मे १९६० रोजी बऱ्याच अंशी पूर्ण झाली. वेगळे राष्ट्र हा तिचा मुद्दा कधीच नव्हता. मात्र एक धागा खरोखर जुळतो. बास्क स्वायत्त प्रदेशात आलावा, बिस्काया आणि गिपुस्कोआ हे तीनच प्रांत आले. नावार्रा वेगळा राहिला आणि उरलेले तीन भाग फ्रान्समध्ये आहेत. नकाशाबाहेर राहिलेल्या आपल्या माणसांची सल काय असते, ते बेळगाव-कारवारचा प्रश्न अनुभवलेल्या सभासदांना समजावून सांगावे लागणार नाही.

नौपाडा_वाचक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. गैरहजेरीचा मुद्दा केंद्रस्थानी ठेवायचा हे नक्की केले. १९३७ चा 'गेर्निका', 'ला मुएर्ते दे मिकेल' आणि 'योयेस' हे तीन घेतो. चौथ्या जागेसाठी हुलिओ मेदेम यांचा २००३ चा 'ला पेलोता वास्का' आणि इसिआर बोयाईन यांचा २०२१ चा 'माईशाबेल' यांच्यात निर्णय होत नाही.

वाशी_दप्तरखाना

मेदेमचा माहितीपट घ्यावा असे मी सुचवेन. त्याने सर्व बाजूंच्या असंख्य मुलाखती एकापाठोपाठ एक जोडल्या, आणि तेव्हाचा सत्ताधारी लोकपक्ष आणि एटा या दोघांनी त्यात बोलण्यास नकार दिला. चित्रपट सान सेबास्तियानच्या महोत्सवात आला तेव्हा बळींच्या संघटनांनी निदर्शने केली, मंत्र्यांनी टीका केली, मुलाखत दिलेल्यांपैकी दोघांनी आपले चित्रण काढून टाकण्याची मागणी केली. एखादा चित्रपट स्वतःच ऐतिहासिक घटना कसा बनतो, हे याहून चांगले दुसऱ्या उदाहरणाने दाखवता येणार नाही.

हिरानंदानी_मेडोज_१

मी सहमत नाही. मारणारा, त्याचा छळ झालेला भाऊ आणि मेलेल्याची पत्नी यांचे आवाज एकाच पट्टीत लावले की त्या बाजू समान वजनाच्या वाटू लागतात. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे हेच होते आणि मला ते पटते. छळ झाला नाही असे मी म्हणत नाही. सरकारी यंत्रणेच्या आशीर्वादाने चाललेल्या 'गाल' या टोळीने १९८३ ते १९८७ या काळात माणसे मारली, आणि १९८३ मध्ये पळवून नेलेल्या लासा आणि साबाला या दोन तरुणांवर २०१४ मध्ये चित्रपटही आला. ते सांगितलेच पाहिजे, पण स्वतंत्रपणे आणि त्याच्या नावानिशी.

'माईशाबेल' घ्या. माईशाबेल लासा यांचे पती हुआन मारिया हाउरेगी यांना जुलै २००० मध्ये तोलोसा येथे एटाने मारले, आणि अकरा वर्षांनी माईशाबेल मारेकऱ्यांपैकी पश्चात्ताप झालेल्यांना भेटल्या. १९८१ च्या चित्रपटात पलायन करणाऱ्या कैद्याच्या चेहऱ्यावर असलेला कॅमेरा येथे समोरासमोर बसलेल्या दोघांवर आळीपाळीने थांबतो. ४० वर्षांत काय बदलले ते मांडण्यासाठी आपल्याला पहिले आणि शेवटचे टोक हवे आहे. म्हणून माझी विनंती अशी की 'ला मुएर्ते दे मिकेल' च्या आधी 'ला फुगा दे सेगोविया' मधली दहा मिनिटे दाखवा आणि बैठकीचा शेवट 'माईशाबेल' मधल्या पहिल्या भेटीच्या प्रसंगाने करा. मेदेमच्या वादाबद्दल तोंडी सांगितले तरी चालेल.