अनुभव धागा: नाचानं तुम्हाला काय परत दिलं?

मैत्रिणींनो, ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, संध्याकाळी सोसायट्यांच्या हॉलमधून तबला नाहीतर झुंबाची गाणी ऐकू येतात. मला बक्षिसांबद्दल विचारायचं नाही. मन मोडलेलं असताना नाचायला लागलात आणि काही सावरलं, असं झालंय का? सुरुवात मी करते.

मी, ठाणे, वय 43
घटस्फोटानंतरचा पहिला श्रावण. मंगळागौर नव्या लग्नाच्या मुलींची, तिथे माझं काय काम, म्हणून मी खाली जायचंच टाळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "पूजा त्यांची, खेळ आपल्या सगळ्यांचे. मला फुगडीला जोडीदारीण नाही, चल." फुगडीत भार पूर्ण मागे टाकावा लागतो, नाहीतर गिरकी येतच नाही. कितीतरी महिन्यांत मी कुणावर भार टाकला नव्हता. काकूंनी हात इतके घट्ट धरले होते की दुसऱ्या दिवशीही मनगटं दुखत होती. मला ते दुखणं आवडलं.

नेरुळ, वय 56
हे गेल्यावर दीड वर्ष मी जवळजवळ मुकीच होते. बँकेतसुद्धा माझ्या वतीनं लेकच बोलायची. तिनंच कथकला नाव घातलं. तीन महिने नुसता ततकार, म्हणजे बोलांवर पाय वाजवणं. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. 16 मात्रा, मग सम, म्हणजे पहिली मात्रा, पुन्हा पहिल्यापासून. गुडघ्यांमुळे क्लासच्या ताईंनी मला दुगुणीच्या, म्हणजे दुप्पट लयीच्या, पुढे नेलं नाही. एकदा दुगुणीत पाय चालू असतानाच रडू फुटलं. हॉस्पिटलात, तेराव्याला, कुठेच आलं नव्हतं ते. कुणी थांबलं नाही. ताईंनी फक्त मात्रा मोठ्यानं मोजायला घेतल्या आणि मी रडत रडत सगळ्यांबरोबर समेवर आले.

पण खरं बळ दिलं ते पढंतनं. हातावर ताल धरून बोल खणखणीत म्हणायचे, माझा आवाज तर घशातच अडकायचा. भांडी घासताना म्हणू लागले. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा दिली, बरोबरीच्या सगळ्या दोन वेण्यांतल्या शाळकरी मुली. परीक्षकांनी तीनताल म्हणायला सांगितला. बाहेर बाकावर बसलेल्या लेकीला तो शब्दन् शब्द ऐकू गेला. आता बँकेत मी एकटी जाते.

कोपरखैरणे, वय 34
बाळंतपणानंतरच्या नैराश्यात झुंबाला जायचे. तेवढा तास बरा जायचा, घरी आलं की पुन्हा काळोख. डॉक्टरांच्या गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं, मग नाचही अंगी लागला. जिला जीव नकोसा वाटतोय तिनं क्लासवर अवलंबून राहू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, 24 तास, मराठीतही बोलतात.

घणसोली, वय 48
स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर डावा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज करायचे, पण चारचौघांत हात पदराखालीच. भाचीच्या हळदीला बेंजो सुरू झाला, गावातल्या सगळ्या बाया अंगणात उतरल्या, मलाही ओढलं. दोन गाणी झाली असतील. आत्या एकदम ओरडली, "अगं, दोन्ही हात वर!" मलाही तेव्हाच कळलं.