लंडनची सरे झू इतक्या लवकर का बंद पडली?

प्रश्न: काल लेकीला घेऊन राणीच्या बागेत गेलेले, पाणघोड्याच्या हौदापाशी ती म्हणाली आई, झू बंद पडली तर हे कुठे जाणार? म्हणून शोधत बसले तर सरे गार्डन सापडलं, १८३१ ते १८५६, बस्स? का बरं?

उत्तर १: ताई, त्याआधीचं ऐका. सरे झू काढणाऱ्या एडवर्ड क्रॉसचे प्राणी आधी लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर एक्सेटर चेंज नावाच्या इमारतीत होते, खाली दुकानं आणि वर पहिल्या मजल्यावर चुनी नावाचा हिंदुस्तानी हत्ती!! १८२६ ला बिथरला म्हणून शंभरावर गोळ्या घालून मारला, वाचतानाच पोटात कालवलं. त्यामानाने सरेला तळं, झाडं, काचेचं गोल घर, खूपच बरं.

उत्तर २: शेवटी पैशाचा प्रश्न. गर्दी खेचायला तळ्याकाठी व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा देखावा उभारून आतषबाजी करायचे, जनावरांच्या इतक्या जवळ, मला हे अजिबात पटत नाही. १८४७ ला लंडनमधलीच दुसरी, रीजंट्स पार्कची झू सगळ्यांना खुली झाली, क्रॉस त्याआधीच १८४४ ला बाजूला झालेला. मग प्राणी विकले आणि तिथे म्युझिक हॉल बांधला.

प्रश्नकर्ती: थँक्यू दोघांना. विकले हे लेकीला कसं सांगू तेच कळत नाहीये.