मदत हवी आहे: कडक भाकरी-शेंगा चटणीचं घरगुती काम, ऑर्डरी आहेत पण घडीच बसेना

भुईमूग

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी जुळे सोलापुरात राहते. तीन वर्षांपासून घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. नणंद पुण्याला असते, तिने ऑफिसात डबा नेला, तिथून सुरू झालं. आता आठवड्याला साधारण 20 किलो चटणी आणि चारशे-साडेचारशे भाकरी जातात. निम्म्याहून जास्त माल पुण्याला, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. कामाला मी, सासूबाई आणि गल्लीतल्या दोन मावशी.

धंदा होत नाही अशी रड नाहीये. सगळा हिशोब माझ्या डोक्यात आहे आणि ते डोकं आता पुरेना झालंय, ही रड आहे.

परवाचंच सांगते. पुण्यात माझ्या एकाच आडनावाच्या दोन वहिनी आहेत, म्हणजे गिऱ्हाईक. एकीला नेहमीची दोन किलो चटणी हवी होती. दुसरीला एक किलो बिनलसणाची, घरात चातुर्मास पाळतात म्हणून. दोघींचे मेसेज एकाच दुपारी आले. त्यातला एक व्हॉइस मेसेज, तो मी शेंगदाणे भाजता भाजता ऐकला. कढई सोडता येईना, हात तेलाचे, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आडनाव, आकडा आणि पुढे "बि.ल." असं खरडलं. रात्री पॅकिंगला बसले तर ते "बि.ल." दोन्ही आडनावांच्या बरोबर मधे. मी माझ्या अंदाजाने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "अहो, पाकीट उघडल्याबरोबर घरभर लसूण!" पैसे परत केले, दुसरी पाठवली. त्या चांगल्याच आहेत, रागावल्या नाहीत. "पुढच्या वेळी बघू" एवढंच म्हणाल्या. ते "बघू" जिव्हारी लागलं.

दुसरं दुखणं पाण्याचं. सोलापूरकरांना सांगायला नको. आमच्याकडे चार दिवसांनी येतं, कधी पाचव्या दिवशी, आणि वेळ म्हणाल तर रात्री एकलाही येतं. मी मंगळवारी चटणीचा घाट घालते आणि पाणी बुधवारी येतं. मोठी पातेली, कढया, परात घासायच्या कशाने?

तिसरं, घरात असते म्हणून मी सगळ्यांना मोकळीच वाटते. "तू घरीच आहेस ना, जरा गॅसवाला आला तर बघ." "घरीच आहेस ना, अर्धा तास बाळाला ठेवू का?"

करून पाहिलेले उपाय: डायरी (पानं पिठाने चिकटली), फोनमधलं कामाच्या यादीचं अ‍ॅप (चार दिवस), पांढरा फळा (मुलाने त्यावर आयपीएलचा गुणतक्ता मांडला). तिसरी मावशी ठेवायचा विचार चाललाय, कारण भाकरी कायम मागे पडते. पण तिचा पगार काढला तर माझ्या हातात काय उरणार?

दिवाळीच्या आत ही घडी बसवायची आहे. घरून काम करणाऱ्यांनी सांगा, तुम्ही आठवडा कसा आखता?

निवांत_काका

पहाटे चारला उठायची सवय लावा. दिवस मोठा होतो. आमच्या आई आयुष्यभर चारला उठल्या.

भुईमूग

काका, चारला उठतेच. पाणी आलं तर एकला.

डबेवाली_विजापूररोड

ताई, मी सहा वर्षं डबे देते. तुमचा "बि.ल." वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही आला, कारण माझ्याकडे एकदा मधुमेहवाल्यांच्या डब्यात शिरा गेला होता.

आधी ऑर्डर घ्यायची पद्धत बदला, बाकी सगळं नंतर. व्हॉइस मेसेज म्हणजे ऑर्डर नाही, हे गिऱ्हाइकाला गोडीत सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेसवालं अ‍ॅप घ्या, फुकट आहे. त्यात ठरावीक उत्तर साठवून ठेवता येतं, दोन बटणं दाबली की जातं. माझं असं आहे: "काय हवं, किती, लसूण/बिनलसूण, कोणत्या दिवशी हातात हवं, पत्ता." एवढं लिहून आलं तरच ऑर्डर. त्याच अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पाठवलं. संध्याकाळी एकदा चाळलं की कोण राहिलं ते कळतं.

दुसरं, आडनावावर जाऊ नका. सोलापुरात काय आणि पुण्यात काय, एका आडनावाची दहा घरं. मी फोनचे शेवटचे चार आकडे लिहिते. 4471 ला बिनलसणाची. चार आकडे जुळायचा योग क्वचितच.

तिसरं, एका ऑर्डरीला एक चिठ्ठी. मुलांच्या वह्यांची कोरी पानं कापून घ्या. चिठ्ठी दोऱ्यावर चिमट्याने लटकवायची. माल भरला की तीच चिठ्ठी पाकिटाला चिकटवायची आणि पत्ता तिच्यावरून लिहायचा. मधे कॅलेंडर नाही, आठवण नाही, काही नाही.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची सरकारी नोंदणी आहे ना? पाकिटावर तो 14 आकडी नंबर आणि पॅकिंगची तारीख टाकत असालच.

भुईमूग

नोंदणी पहिल्याच वर्षी केली. तारीखही असते. "बिनलसणाची" मात्र पाकिटावर कुठेच लिहीत नव्हते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. दोन्ही पाकिटं दिसायला एकसारखी!

एक्सेलप्रेमी

चिठ्ठ्या हरवतात. गुगल शीट करा, फोनवरून भरता येते, नणंदेलाही पुण्यातून दिसेल. बेरीज आपोआप होते, या आठवड्यात एकूण किती किलो, किती भाकरी.

डबेवाली_विजापूररोड

दादा, पिठाच्या हाताने शीट कशी भरायची ते दाखवा एकदा.

एक्सेलप्रेमी

हात धुऊन :)

बरं, मान्य. दिवसा चिठ्ठी, रात्री निजताना दहा मिनिटं शीट. पण बेरीज हवीच. शेंगदाणे किती आणायचे हे बेरजेशिवाय कसं कळणार?

टॉवेलवाला

ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरीच चार शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा मारून देतो. वडील कापडाच्या मागावर होते. भाकरीतलं मला काय कळत नाही, पण तुमची गोष्ट मला मागाची वाटायली, म्हणून लिहायलो.

एक. तिसरी मावशी ठेवायच्या आधी घड्याळ लावून बसा. कारखान्यात कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणारी मागं पडली तर माग नुसता उभा राहतो. तिथं आणखी दोन माग घेतले तर दोन जास्त माग उभे राहतात, एवढंच. भाकरीत तुमची कांडी कुठं अडकायली ते बघा. थापण्यात, भाजण्यात, का कडक करण्यात? एक तास मोजा फक्त. अंदाजाने बोलू नका, अंदाज नेहमी माणसावर खापर फोडतो.

दोन. रंगाईत आम्ही फिकट रंग आधी काढतो, गडद मागून. उलटं केलं तर भांडं धुण्यातच दिवस जातो, शिवाय पांढऱ्यावर लाल छटा येती ती येतीच. तुमचा लसूण म्हणजे गडद रंग. बिनलसणाची सगळी आधी कुटायची, भरायची, सील करायची, खोलीच्या बाहेर ठेवायची. मग लसणाला हात लावायचा. मधलं एक धुणं वाचतंय, पाणीबी वाचतंय.

भुईमूग

दादा, हे लसणाचं इतकं सोपं आहे आणि तीन वर्षांत सुचलं नाही. मी आलेल्या ऑर्डरीच्या क्रमाने करत होते! उद्या घड्याळ लावते.

माहेर_अक्कलकोट

पाण्यावर माझा उपाय. माझा पापड-सांडग्यांचा उद्योग आहे. वाराला बांधून घेऊ नका, पाण्याला बांधून घ्या. पाणी आलं तो "पहिला दिवस". पहिल्या दिवशी भांड्यांची, खरकट्याची कामं, म्हणजे तुमची चटणी. दुसऱ्या दिवशीही तेच उरलेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोरडी कामं: शेंगदाणे निवडणं, लसूण सोलणं, लेबलं, पॅकिंग, हिशोब. मग पाणी एक दिवस उशिरा आलं तर कोरडी कामं एक दिवस वाढतात, बाकी काही बिघडत नाही. सोमवार-मंगळवार गिऱ्हाइकासाठी, आपल्यासाठी पहिला-दुसरा.

आणि कडक भाकरी टिकते की ओ! ती ऑर्डर आल्यावर कशाला करायची? हवाबंद डब्यात शंभर-दीडशे कायम तयार असू द्या. चटणीचं तसं नाही, कुटून ठेवली की तेलाला वास लागायला लागतो, ती ऑर्डरीपुरतीच. शेंगदाणेही आठवडा आधी भाजून ठेवू नका, खवट होतात. निवडून ठेवा, भाजायचे त्याच दिवशी. कुठलं काम आधी करून ठेवता येतं आणि कुठलं येत नाही, याच्या दोन याद्या केल्या तर तुमचा निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

"घरीच असतेस ना" वर मात्र माझ्याकडे औषध नाही. मी दार लावून घेते आणि फोन उचलत नाही. चार जणी रुसल्या, दोघी परत बोलायला लागल्या.

भुईमूग

(तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार मानायचे राहून गेले. काय झालं ते सांगते, म्हणजे पुढे कुणी धागा वाचला तर उपयोगी पडेल.

घड्याळ लावलं. एक मावशी तासाला 30 भाकरी थापून भाजते. आणि तासाला कडक होतात 18. उरलेल्या 12 टोपलीत वाट बघत पडतात, मऊ पडतात, मग त्यांना मंद आचेवर दाबून दाबून कडक करायला आणखी वेळ लागतो. मी इतके दिवस मावशीला "जरा हात चालवा" म्हणत होते! हात चालत होते, तवा नव्हता. कडक करायला शेगडीचा एकच बर्नर होता, कारण दुसऱ्यावर भाजणं चाले. एक सुटी शेगडी आणि जाड तवा आणला. आता तासाला 28 पर्यंत जातं. तिसऱ्या मावशीचा विषय बंद. ज्या आहेत त्यांना साडी घेतली, कारण मला माझीच लाज वाटली.

बिनलसणाची आधी, हा नियम सासूबाईंना इतका आवडला की त्या आता लसूण सोललेलं ताटसुद्धा स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, "आधी पांढरी उरकू दे" म्हणतात. घरात बिनलसणाच्या चटणीचं नाव "पांढरी" पडलंय. पाकिटाला हिरवी चिकटपट्टी लावते.

पाण्याला बांधून घेणं जमलं, पण पूर्ण नाही. गिऱ्हाइकाला वार सांगावा लागतो आणि माझा "पहिला दिवस" कधी रविवारी, कधी बुधवारी. म्हणून आता ऑर्डर दिल्यापासून सात दिवसांत पोचेल असं सांगते. सात दिवसांत पाणी एकदा तरी येतंच येतं. दोन-तीन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक गेलं. घाईची भाकरी डब्यातून लगेच देते, तिथे कुणाला थांबवत नाही.

चिठ्ठ्या चालल्यात. शीट चालली नाही, एक्सेलदादा माफ करा. पण बेरीज करते, रोज रात्री चिठ्ठ्या मोजून त्याच कॅलेंडरवर एकच आकडा लिहिते, किती किलो. शेंगदाणे त्या आकड्यावर आणते. त्या वहिनींनी परवा पुन्हा अर्धा किलो मागवली. पांढरी. चिठ्ठीवर चार आकडे घालून.

दुपारी बारा ते तीन फोन सासूबाईंकडे. त्या सगळ्यांना "ती कामावर गेली आहे" असं सांगतात. खोटं नाही, आतल्या खोलीत कामावरच असते.

आता दिवाळी. काही जणी चकली-शंकरपाळी करून देता का विचारतायत. घेऊ का?

डबेवाली_विजापूररोड

पहिल्या वर्षी नको. तळणाला वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळा माणूस लागतो, आणि तुमचं गिऱ्हाईक दिवाळीत कडक भाकरीही मागणारच, गोडाधोडाचा कंटाळा आला की. फराळाच्या ऑर्डरी माझ्याकडे पाठवा, मी भाकरीच्या तुमच्याकडे पाठवते.

टॉवेलवाला

28 वाचून बरं वाटलं. एकच विचारतो, ती सुटी शेगडी कुठल्या सिलिंडरवर लावली? घरातला 14.2 किलोचा धंद्याला वापरायला चालत नाही, निळा 19 किलोचा वेगळा घ्यावा लागतो. दिवाळीत कुणी बघितलं तर नसती भानगड व्हायची.

भुईमूग

घरातल्यावरच लावलीय दादा, खरं सांगते. हे डोक्यातच आलं नाही. 19 किलोच्या जोडणीला कागद काय लागतात ते उद्या एजन्सीत विचारून येते. बारा वाजायच्या आत.