वादळी ढगांत प्रवासी विमान मोडू शकते का?

प्रश्न – इंदूरकर
जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला पुण्याहून इंदूरला विमानाने आणायचे आहे. मागच्या खेपेला उतरण्याआधी विमानाने असे काही हिसके दिले की, आता रेल्वेनेच येईन, असे ती म्हणते. मॉन्सूनपूर्व गडगडाटी ढगांत मोठे विमान खरोखरच मोडू शकते, की सारे घाबरण्यापुरतेच आहे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर – निवृत्त अभियंता
मोडू शकते, आणि मोडलेही आहे. ६ ऑगस्ट १९६६ रोजी अमेरिकेतील नेब्रास्कात ब्रॅनिफ कंपनीचे जेट विमान वादळाच्या तोंडाशी हवेतच तुटले आणि त्यातील सर्व ४२ जण दगावले. क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी ढगात जोराने वर चढणारा आणि खाली कोसळणारा असे दोन झोत शेजारी-शेजारी असतात. एकातून दुसऱ्यात शिरताना पंखांवरचा भार क्षणार्धात बदलतो. आजची विमाने सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसतील अशी बांधलेली असतात आणि हिसके सुरू होताच वैमानिक वेग ठरावीक मर्यादेत आणतो, त्यामुळे पंख लवताना दिसले तरी त्यात वावगे काही नाही. तरीही खरे संरक्षण वळसा घालण्यातच आहे: तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर दूर राहावे, असे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासन सांगते.

उत्तर – पश्चिम क्षेत्र
वरील उत्तरात एक भर घालतो. नाकातील रडारला पावसाचे थेंब दिसतात, कोरड्या हवेतील खळबळ दिसत नाही. कोरड्या गाराही त्यावर फिक्याच उमटतात. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले विमान गारपिटीत सापडले, त्याचे नाक फुटले, पण ते सुखरूप उतरले.

उत्तर – हवाई सेविका, सध्या रजेवर
आईंना एवढेच सांगा की, पट्टा सोडू नये. २१ मे २०२४ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचे विमान म्यानमारवर असताना अवघ्या पाच सेकंदांत असे वरखाली झाले की पट्टा न बांधलेले लोक आसनांवरून उडाले. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले, पण विमान बँकॉकला धडपणे उतरले. पट्ट्याचा दिवा विझला रे विझला की फटाफट बकला सुटल्याचा आवाज येतो, तीच सवय घातक आहे.

उत्तर – निवृत्त अभियंता
शक्यतो सकाळचे विमान घ्या. तापलेल्या जमिनीवर हे ढग बहुधा दुपारनंतरच उभे राहतात. आणि वैमानिकाने इंदूरवर घिरट्या घातल्या किंवा विमान भोपाळला नेले, तर विलंबाबद्दल कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका.