चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी ‘टेक’ कसे शिकवावे?

प्रश्न:
मी दादरहून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातील चिनी विद्यार्थ्यांनी ‘टेक’चा अर्थ केवळ ‘घेणे’ असा पाठ केल्यामुळे ते औषध, बस, फोटो आणि आंघोळ या चारही ठिकाणी अडतात. हे क्रियापद कोणत्या क्रमाने शिकवावे?

प्रतिसाद १:
अर्थांची यादी मुळीच देऊ नका. चिनी भाषेत गोळी ‘खातात’ आणि बसने जाण्याला ‘बसणे’ म्हणतात, त्यामुळे विद्यार्थी ‘ईट मेडिसिन’ म्हणतो तेव्हा तो आपल्या भाषेतले क्रियापद जसेच्या तसे वापरत असतो. आपणही फोटो ‘काढतो’ आणि आंघोळ ‘करतो’. ‘टेक अ बस’, ‘टेक अ फोटो’ असे पूर्ण शब्दसमूहच तोंडी बसवावेत.

प्रतिसाद २:
सहमत, मात्र खरी अडचण ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’ यांत आहे, आणि तिथे मराठी शिक्षकाला मोठा फायदा मिळतो. चिनीत दोन्हींसाठी ‘ताय’ हे एकच क्रियापद चालते. त्यापुढे येण्याचे ‘लाय’ जोडले की ‘घेऊन ये’ आणि जाण्याचे ‘छ्यू’ जोडले की ‘घेऊन जा’. आपली रचना अगदी अशीच आहे! बोलणारा कुठे उभा आहे, हे प्रत्येक वाक्यात विचारा. घरातून निघणाऱ्याला ‘टेक ॲन अम्ब्रेला’, घरी येणाऱ्याला ‘ब्रिंग’.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. ‘टेक ऑफ’ याच पाठात घ्यावे का?

प्रतिसाद २:
नको. बूट काढणे आणि विमान उडणे यांसाठी चिनीत स्वतंत्र क्रियापदे आहेत, म्हणून त्याचे दोन वेगळे पाठ करावेत.