मदत हवी आहे: पायथन ३.१२ (प्रोग्रामिंग भाषा) चुकून सिस्टिमच्या /यूएसआर फोल्डरमध्ये बसलं, साफ कसं करू?
नमस्कार मंडळी. उबुंटू २२.०४ (लिनक्स) वर काल रात्री पायथन ३.१२ सोर्सवरून (मूळ कोडमधून) बिल्ड केलं. प्रीफिक्स (कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचं ते) दिलाच नसता तर सगळं /यूएसआर/लोकल मध्ये गेलं असतं. मी /यूएसआर दिला, आणि ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ऐवजी (ते पायथन३ च्या लिंकला हात लावत नाही) ‘मेक इन्स्टॉल’ केलं. सिस्टिमच्या ३.१० कडे जाणारी ‘पायथन३’ या कमांडची लिंक ३.१२ कडे वळली.

सकाळी टर्मिनलच उघडेना. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं, तर ‘एपीटी अपडेट’च्या (एपीटी म्हणजे उबुंटूचं पॅकेजं बसवायचं साधन) शेवटी ‘नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी’ अशी एरर. लिंक परत ३.१० कडे केली तेव्हा दोन्ही चालू झालं. जीव भांड्यात पडला.

प्रश्न उरलेल्या फायलींचा आहे. पायथनच्या मेकफाइलमध्ये (‘मेक’च्या कमांडची फाइल) अनइन्स्टॉल नाही. रिकाम्या फोल्डरचा डेस्टडिर (खऱ्या जागेऐवजी फायली त्या फोल्डरखाली टाकणारा पर्याय) देऊन पुन्हा ‘मेक इन्स्टॉल’ करायचं आणि तिथे येतील तेवढ्याच फायली /यूएसआर मधून काढायच्या, असं डोक्यात आहे. बिल्डचं फोल्डर अजून जपून ठेवलंय. पण पिप३, पायडॉक३ (पायथनसोबत आलेल्या कमांड) ही नावं एपीटीच्या पॅकेजमध्येही आहेत. ती ‘डीपीकेजी --सर्च’ने (फाइल कुठल्या पॅकेजची ते सांगणारी कमांड) शोधून वगळू, की काढून ती पॅकेजं रीइन्स्टॉल करू? कुणी हे केलं असेल तर कृपया क्रम सांगा, तोवर मी कशालाही हात लावत नाही.